शिवी कोणाच्या अंगावर पडते? : गँगस्टा रॅप, ‘गोलपीठा’ आणि आपल्यातलं भांडण

भांडण जुनंच आहे. वाद्य तेवढं नवं आलं. पूर्वी कवितेचं पुस्तक मधे ठेवून जे भांडण व्हायचं ते आता मोबाईलवर वाजणाऱ्या रॅपवरून होतं. एक म्हणतो, ही घाण आहे, बंद करा. दुसरा म्हणतो, हे सत्य आहे, पाया पडा. दोघंही इतक्या जोरात बोलतात की मधल्या मधे गाणं कोणालाच ऐकू येत नाही.

मी रिंग खात्यात काम करतो, बुटीबोरीकडच्या एका सूतगिरणीत. कॉलेजचं तोंड पाहिलं नाही. जे वाचलं ते रात्रपाळीच्या आधी नि नंतर. म्हणून हे टिपण विद्वानाचं नाही हे आधीच सांगून टाकतो. पण सूत कसं तपासतात ते मला माहीत आहे. कापूस कुठल्या शेतातला हे विचारतात, जरूर विचारतात. पण तेवढ्यावर सूत पास होत नाही. काउंट बघतात. पीळ बघतात. ताण देऊन बघतात, आणि कुठं तुटलं ते लिहून ठेवतात. गाण्याचं आणि कवितेचंही असंच तपासलं पाहिजे. आपल्याकडे मात्र शेताच्या नावावरच निकाल लागून जातो. वस्ती कोणती, जात कोणती, पोरगा कुठला, एवढं कळलं की विरोधकाचा निकाल तयार आणि भक्ताचाही तयार.

म्हणून दोन माल समोर घेतो. एक, १९८८ साली अमेरिकेत निघालेला ‘स्ट्रेट आउटा कॉम्प्टन’ हा एन. डब्ल्यू. ए. या टोळक्याचा अल्बम. दुसरा, १९७२ साली निघालेला नामदेव ढसाळांचा ‘गोलपीठा’. एक गाण्याचा, एक कवितेचा. एक काळ्यांचा, एक आपला. दोघांच्या नावातच गाव आहे. लॉस एंजेलिसच्या अंगाला असलेलं कॉम्प्टन आणि मुंबईत कामाठीपुऱ्याच्या अंगाला असलेला गोलपीठा. ज्या पत्त्यावर सभ्य माणूस चिठ्ठी टाकत नाही, तो पत्ता यांनी कव्हरावर छापला. ही पहिली गोष्ट, आणि ती लहान नाही.

हे दोन माल जवळजवळ ठेवण्यात माझी हौस नाही. ‘दलित पँथर’ हे नावच मुळी १९६६ साली ओकलंडमधे निघालेल्या ब्लॅक पँथरवरून घेतलेलं. पँथर १९७२ सालची, ‘गोलपीठा’ही १९७२ सालचा. तिकडच्या काळ्यांचा नि इकडच्या आपला धागा तेव्हाच जोडला गेला. त्यामुळे तिकडच्या भांडणातून इकडचं भांडण उलगडून बघायचा आपला हक्क आहे.

पहिला पक्ष : स्टिकर लावणारे

एन. डब्ल्यू. ए. मधे पाच पोरं मुख्य. ईझी-ई, आइस क्यूब, डॉ. ड्रे, एम. सी. रेन आणि डीजे येला. अल्बम निघाला तेव्हा रेडिओने तो वाजवला नाही म्हटलं तरी चालेल. एम. टी. व्ही.ने व्हिडिओ नाकारला. त्यात पोलिसांवर एक गाणं आहे. त्या गाण्यावरून १९८९ साली अमेरिकेच्या एफ. बी. आय. या खात्यातल्या बड्या अधिकाऱ्याने रेकॉर्ड कंपनीला पत्र लिहिलं, की असल्या गाण्याने पोलिसांविरुद्ध हिंसेला उत्तेजन मिळतं. सरकारी खातं गाण्याला पत्र लिहितं! आमच्या वस्तीतल्या अर्जाला पोच मिळत नाही, आणि तिथे गाण्याला पत्र जातं. म्हणजे गाणं कुठंतरी लागलं होतं.

रॅपच्या कॅसेटवर ‘पालकांनो सावधान’ अशा अर्थाचं स्टिकर लागायला लागलं तेही त्याच दशकात. स्टिकर लावणाऱ्या पांढऱ्या बाया-बापुड्यांचा मुद्दा एकच, भाषा घाण आहे. इकडे ‘गोलपीठा’ निघाला तेव्हा आमच्या पांढरपेशा वाचकांचाही मुद्दा तोच. कवितेत असे शब्द? असली जागा? असली शरीरं? ज्यांच्या घरातलं संडास आमच्या माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या डोक्यावर वाहिलं, त्यांना पुस्तकाच्या पानावर त्याचा नुसता शब्द आला तर ओकारी येते. या पक्षाला फार वेळ द्यायची गरज नाही. त्यांचं म्हणणं गाण्याबद्दल नव्हतंच. घाण दिसू नये एवढंच त्यांचं म्हणणं होतं. घाण असू नये असं नव्हतं.

पण यांच्यातला एक वेगळा नमुनाही लक्षात ठेवला पाहिजे. ‘गोलपीठा’ला प्रस्तावना विजय तेंडुलकरांची आहे. त्यांनी आपल्याला न कळलेल्या शब्दांचे अर्थ ढसाळांना विचारले, आणि विचारले हे लपवलं नाही. मला हे चांगलं वाटतं. ज्याला शब्द येत नाही त्याने विचारावं, नाक मुरडू नये. मात्र याचा एक परिणाम झाला. पुढच्या पिढीचे पुष्कळ वाचक या पुस्तकाकडे वस्ती बघायला निघाल्यासारखे गेले. शब्दांचे अर्थ गोळा केले, हुश्श म्हणून परत आले. कविता कशी बांधली आहे हे बघायचं राहूनच गेलं. पाहुणा घर बघून जातो. घर कसं उभं आहे ते राहणाऱ्याला माहीत असतं.

दुसरा पक्ष : भक्त

आता आपली बाजू. आमच्या होस्टेलवर रात्रपाळी सुटली की पोट्टे रॅप लावतात. हिंदी असतं, पंजाबी असतं, मराठीही असतं. कोणी म्हटलं की बंद कर बे, तर उत्तर ठरलेलं, “काऊन? खरं बोलते तो. आपल्यासारखाच हाय.” आणि साहित्याच्या सभेत हेच उत्तर जरा इस्त्री करून येतं, की ही जगलेली अनुभूती आहे, म्हणून ती श्रेष्ठ आहे.

माझं भांडण या ‘म्हणून’शी आहे.

खरं आहे म्हणून श्रेष्ठ असेल, तर पोलिसांचा पंचनामा ही सगळ्यात थोर कविता झाली. त्यात जागा खरी असते, वेळ खरी असते, जखमेची लांबी-रुंदीसुद्धा असते. पण पंचनामा वाचून कोणाच्या छातीत काही हलत नाही, कारण पंचनाम्यात मेलेला माणूस नुसता पडलेला असतो. त्याला कोणी उठून बसवत नाही. कवितेचं काम त्याला उठून बसवणं हे आहे. अनुभव हा आपला कच्चा माल. तो आपल्याकडे आहे, दुसऱ्याकडे नाही, हे आपलं भांडवल. पण गिरणीच्या गोदामात कापसाच्या गाठी नुसत्या रचून ठेवल्या म्हणजे कापड होत नाही. हे साचेवाल्याला समजतं, समीक्षकाला का समजू नये?

भक्ताची दुसरी चूक याहून मोठी आहे. तो म्हणतो, जितकी शिवी जास्त तितका विद्रोह जास्त. याचा फटका मी स्वतः खाल्ला आहे. एका नियतकालिकाला कविता पाठवल्या होत्या. विषय साधे, आईचे गुडघे, पाळीची घंटा, कापसाचे तंतू फुप्फुसात जातात ते. परत आल्या. संपादकांनी कळवलं की कविता बऱ्या आहेत पण ‘दलित वाटत नाहीत’, आग कमी आहे, भाषा फार सौम्य आहे. म्हणजे आता आमच्या रागाचंही माप ठरलं! एवढ्या शिव्या, एवढं रक्त, एवढी गटारं असली तर माल पास. नाही तर रिजेक्ट. पूर्वी म्हणायचे तुम्ही बोलू नका. आता म्हणतात बोला, पण आम्ही सांगतो त्याच सुरात बोला. मला दोन्हीत एकच मालक दिसतो.

तिसरा पक्ष : घरातले

या दोघांच्या आरडाओरड्यात तिसरा आवाज दबून जातो. तो घरातला आहे. तिकडे १९९३ पासून गँगस्टा रॅपच्या विरोधात ज्या बाई उभ्या राहिल्या त्या सी. डेलोरस टकर. या काही स्टिकरवाल्या गोऱ्या बाई नव्हेत. या स्वतः काळ्या, मार्टिन ल्यूथर किंग यांच्याबरोबर नागरी हक्कांच्या मोर्चात चाललेल्या. त्यांचं म्हणणं, आम्ही पोलिसांच्या लाठ्या यासाठी खाल्ल्या नाहीत की आमच्याच पोरांनी आमच्याच पोरींना रांड म्हणून गाणी विकावीत. रॅपच्या चाहत्यांनी त्यांची टिंगल केली. ती टिंगल मला पटत नाही.

आपल्याकडेही हा आवाज आहे. नागपुरात तर जास्तच आहे. १४ ऑक्टोबर १९५६ ला ज्या गावाच्या मातीवर बाबासाहेबांनी दीक्षा दिली, त्या गावातला जुना माणूस विचारतो, “बाबासाहेबांनी आपल्याले घाणीतून काढलं. पांढरे कपडे घालून दीक्षाभूमीवर गेलो आम्ही. आता पोरगा पुस्तकात पुन्हा तीच घाण काऊन आणते?” या प्रश्नात सोवळेपणा नाही. यात चाळीस-पन्नास वर्षं स्वतःचं अंगण झाडल्याचा घाम आहे. ‘दलित’ हा शब्दच नको, आंबेडकरी म्हणा, बौद्ध म्हणा, असं म्हणणारे लेखक-विचारवंत याच जमिनीतून आले. त्यांना ‘मध्यमवर्गीय झाले’ म्हणून उडवून लावणं सोपं आहे. उत्तर देणं अवघड आहे.

उत्तर माझ्या मते हे की घाणीतून बाहेर आलेला एक जण असतो आणि मागे राहिलेले शंभर असतात. ते शंभर कवितेत आलेच पाहिजेत. पण ते कसे येतात, यावर त्या जुन्या माणसाचा हक्क आहे. कवी त्यांना बोलायला आणतो की दाखवायला आणतो? इथे येऊन प्रश्न नेमका झाला. आता ताण देऊन बघू.

ताण

माझी कसोटी साधी आहे. शिवी कोणाच्या अंगावर पडते? वर पडते, आडवी पडते, की खाली पडते?

‘स्ट्रेट आउटा कॉम्प्टन’मधलं पोलिसांवरचं गाणं घ्या. बाहेरून ते नुसती शिवी वाटतं, नावातच शिवी आहे. पण रचना बघा. ते गाणं म्हणजे कोर्ट आहे. ड्रे न्यायाधीश आहे. एकेक पोरगा साक्षीदार म्हणून उभा राहतो, आपली साक्ष देतो, आणि शेवटी पोलीस दोषी ठरतो. ज्या कोर्टात काळा पोरगा फक्त आरोपीच्या पिंजऱ्यात उभा राहायचा, ते कोर्ट त्यांनी उलटं करून टाकलं. याला मी विद्रोह म्हणतो. शिवी इथे वर पडते, आणि तिला साक्षीचा पीळ आहे, म्हणून ताण दिला तरी तुटत नाही. पुढे ३ मार्च १९९१ ला रॉडनी किंगला पोलिसांनी मारलं, ते कॅमेऱ्यात आलं, तरी २९ एप्रिल १९९२ ला ज्युरीने पोलिसांना जवळजवळ सगळ्या आरोपांतून सोडलं आणि लॉस एंजेलिस पेटलं. तेव्हा लोकांना आठवलं की ही साक्ष तर आधीच नोंदवलेली होती.

पण अल्बम पुढे जातो तसं सूत बारीक होत जातं. बायकांवरची गाणी येतात. बाई म्हणजे पैशाची लालची, बाई म्हणजे फसवणारी. तिथे कोर्ट नाही, साक्ष नाही, उलटतपासणी नाही. बाईला नाव नाही. शिवी खाली पडते, आणि खाली पडणारी शिवी नवी नसते. ती बापाची असते, मुकादमाची असते, मालकाची असते. आमच्या खात्यात बाया काम करतात. बॉबिन बदलायला एक मिनिट उशीर झाला की मागून जो शब्द येतो तोच शब्द गाण्यात आला, तर त्या बाईने त्यात कोणता विद्रोह ऐकावा? मी एकदा सोबतच्या एका ताईंना असलं एक गाणं ऐकवलं. त्यांनी पूर्ण ऐकलं आणि एवढंच म्हणाल्या, “आवाज नवा हाय भाऊ, बोलणं सुपरवायझरचंच हाय.” मी वाचलेल्या कोणत्याही समीक्षेपेक्षा हे वाक्य मला पक्कं वाटतं.

आणि हा नुसता शब्दांचा मामला राहत नाही. १९९१ साली डॉ. ड्रेने डी बार्न्स या टीव्हीवर रॅपचा कार्यक्रम करणाऱ्या बाईला मारहाण केली. कोर्टात त्याने आरोप लढवला नाही. जाहीर माफी मागायला २०१५ साल उजाडलं. बेल हुक्स या काळ्या लेखिकेने १९९४ साली या सगळ्या प्रकारावर लिहिलं तेव्हा दोन्ही गोष्टी एकदम सांगितल्या. बाईचा अपमान हा अपमानच आहे, त्याला माफी नाही. पण सगळा दोष त्या काळ्या पोरांच्या माथी मारून बाकीचा पुरुषी, पैशावर चालणारा समाज हात झटकतो, हेही चालणार नाही. हा तराजू मला हवा आहे. एका पारड्यात बाई, दुसऱ्या पारड्यात बाजार, आणि काटा धरणारा हात आपला.

आता ‘गोलपीठा’ला तोच ताण देऊ. सवलत नको.

या संग्रहात मंदाकिनी पाटील या तरुण वेश्येवर कविता आहे. तिचा पहिला गुण समीक्षकांनी अश्लीलतेच्या भांडणात पाहिलाच नाही. बाईला नाव आहे, आडनावही आहे. ज्या गल्लीत बाईचं नाव रोज बदलतं, जिथे तिला दराने ओळखतात, तिथे कवी तिला पूर्ण नावाने हाक मारतो. आणि आडनाव कोणतं? पाटील. ज्या आडनावापुढे गावात आमचा आजोबा चप्पल काढून उभा राहायचा, ते आडनाव गोलपीठ्याच्या पिंजऱ्यात आहे. एका नावात गाव आणि शहर, जात आणि बाजार एकमेकांवर आदळतात. इथे भडक शब्द तिच्या अंगावर पडत नाहीत. तिला तिथे आणणाऱ्या व्यवस्थेवर पडतात. कॉम्प्टनच्या पोरांना जे जमलं नाही ते ढसाळांना तेवीस वर्षांच्या वयात जमलं.

दुसरी ‘माणसाने’ ही कविता. तिच्यावर सगळ्यात जास्त टीका झाली आणि तीच सगळ्यात अर्धवट वाचली गेली. विरोधक पहिला भाग वाचून कानावर हात ठेवतो, भक्त पहिला भाग वाचून टाळ्या वाजवतो. पहिल्या भागात उद्ध्वस्त करण्याचे हुकूम एकामागून एक सुटतात, जे जे पवित्र म्हणून आपल्या माथी मारलं ते सगळं पाडायला सांगणारे. पण कविता तिथे थांबत नाही. शेवटाकडे तीच आज्ञेची भाषा वळते आणि माणसामाणसांतला उच्चनीच भाव पुसण्याकडे, माणसाच्या गौरवाकडे जाते. क्रियापदाचा साचा तोच, काम उलटं. हा पीळ आहे. शेवटाशिवाय सुरुवात नुसती दंगल होते आणि सुरुवातीशिवाय शेवट नुसतं शाळेच्या भिंतीवरचं सुभाषित होतो. दोन्ही मिळून कविता होते. जो अर्धी वाचतो त्याने तिच्यावर मत देऊ नये. बाजू घेतलेली असो की विरोध केलेला असो.

भाषेचं म्हणाल तर ‘गोलपीठा’त नुसती गल्लीची बोली आहे हा समज चूक आहे. बंबय्या हिंदी-उर्दू आहे, गावची मराठी आहे, वृत्तपत्री मराठी आहे आणि मधेच संस्कृत वळणाचा जड शब्दही आहे. ही भेसळ मुद्दाम आहे. ज्याला सगळ्या भाषांनी हाकललं तो सगळ्या भाषांतून उचलतो. डॉ. ड्रे आणि येलानेही आवाजांचं हेच केलं. जुन्या तबकड्यांतून तुकडे उचलून जोडले. पण इथे आमच्यासारख्या कामगाराने थांबून एक हिशोब विचारलाच पाहिजे. अल्बमच्या पहिल्या गाण्याखाली जो ढोल धावतो तो ‘अमेन, ब्रदर’ या १९६९ च्या गाण्यातला काही सेकंदांचा तुकडा आहे. वाजवणारा ग्रेगरी कोलमन, तोही काळाच. त्याच्या हाताच्या त्या काही सेकंदांवर जगभर असंख्य गाणी उभी राहिली. त्याला त्याचा मोबदला मिळाला नाही, आणि २००६ साली तो बेघर अवस्थेत मेला. विद्रोहाच्या गाण्याखालीसुद्धा एक बिनपगारी हात असू शकतो. हे ऐकल्यावर मला ते गाणं वाईट वाटायला लागलं नाही. पण ऐकताना आता मी दोन माणसं ऐकतो. एक बोलणारा आणि एक वाजवणारा.

‘गोलपीठा’ला मी पूर्ण मार्क देतो असं समजू नका. त्यातही जागोजागी बाईचं शरीर नुसतं उपमेच्या कामाला लावलेलं आहे. शहर सडलं म्हणायचं असलं की बाईचं शरीर, देश विकला म्हणायचं असलं की बाईचं शरीर. तिथे मंदाकिनीला दिलेलं नाव परत काढून घेतल्यासारखं होतं. आणि १९८४ साली मल्लिका अमरशेख यांचं ‘मला उद्ध्वस्त व्हायचंय’ आलं. शाहीर अमरशेखांची मुलगी, स्वतः कवयित्री, ढसाळांची पत्नी. लग्नातली मारझोड, आजार, एकटेपण तिने लपवलं नाही. भक्तांनी ते पुस्तक चळवळीची बदनामी म्हणून बाजूला सारलं. मी म्हणतो, ‘गोलपीठा’च्या शेजारी ते पुस्तक ठेवलंच पाहिजे. कवितेने जे कोर्ट उभं केलं त्यात कवीलाही समन्स निघू शकतं. निघालं म्हणून कोर्ट खोटं ठरत नाही. उलट ते खरं कोर्ट होतं हे तेव्हाच कळतं.

राजकारणाचंही तेच. आणीबाणीच्या काळात ढसाळ इंदिरा गांधींच्या बाजूने गेले, नंतर शिवसेनेशी जवळीक झाली. राजा ढाले आणि ढसाळ १९७४ मधेच फुटले होते. या कारणांसाठी माणसावर टीका करा, जरूर करा. पण १९७४ नंतरच्या भांडणाने १९७२ च्या ओळी खोडता येत नाहीत, आणि १९७२ च्या ओळींनी नंतरचं वागणं धुऊन निघत नाही. दोन खाती वेगळी ठेवा. मिसळली की दोन्हींचा हिशोब चुकतो.

बंदी आणि बक्षीस

आता शेवटची गंमत. ज्या अल्बमला सरकारी खात्याने पत्र लिहिलं, तोच अल्बम २०१७ साली अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने राष्ट्राचा ठेवा म्हणून जपून ठेवलेल्या रेकॉर्डच्या यादीत घेतला. त्याच कॉम्प्टनच्या केंड्रिक लामारला २०१८ साली पुलित्झर मिळालं. इकडे ढसाळांना १९९९ ला पद्मश्री मिळाली, २००४ ला साहित्य अकादमीचा जीवनगौरव मिळाला. आणि २०२५ साली? ‘चल हल्ला बोल’ या चित्रपटातल्या त्यांच्या कवितांवर सेन्सॉर मंडळाकडून आक्षेप आला, आणि ‘कोण ढसाळ?’ असं विचारलं गेल्याची बातमी महाराष्ट्रभर गाजली. एका सरकारी टेबलावर पद्मश्री आणि दुसऱ्या टेबलावर ‘कोण?’ यात मला विसंगती दिसत नाही. बक्षीस देणाऱ्यानेही वाचलेलं नसतं, बंदी घालणाऱ्यानेही वाचलेलं नसतं. दोघांनाही फाईल बंद करायची असते.

म्हणून बंदीने घाबरायचं कारण नाही आणि बक्षिसाने फुगायचंही कारण नाही. वाचायचं काम आपल्यालाच करायचं आहे. आज मराठीत रॅप करणारी पोरं निघाली आहेत. एप्रिल २०२३ मधे राज मुंगासे आणि उमेश खाडे या दोघा पोरांवर राजकारण्यांना बोलणाऱ्या रॅपवरून गुन्हे दाखल झाले. म्हणजे शिवी वर पडली की आजही पत्र येतं, फक्त आता ते एफ. आय. आर. च्या रूपात येतं. बायकांवर शिवी पडणारी गाणी लग्नाच्या वरातीत वाजतात, त्यांना कोणी समन्स काढत नाही. कायद्याला भाषेची घाण कधी लागली नाही. त्याला दिशा लागते. माझी कसोटी मी पुस्तकातून काढली नाही, ती इथून काढली.

आपल्या गावातही एक गोलपीठा आहे. इतवारीतली गंगा-जमुना. ऑगस्ट २०२१ मधे पोलिसांनी ती वस्ती सील केली, बॅरिकेड लावले, बाया पोटासाठी रस्त्यावर आल्या. शहरातले सभ्य लोक म्हणाले, घाण जाते आहे, जाऊ द्या. त्या बॅरिकेडच्या आतून कोणी उद्या रॅप केला, कविता केली, तर आपण काय करणार? नाक दाबणार? की टाळ्या पिटून ‘वा, काय भेदक अनुभूती’ म्हणणार? मला वाटतं आपण तिचं नाव विचारावं. मग ओळ न्‌ ओळ ऐकावी. जिथे पीळ आहे तिथे आहे म्हणावं, जिथे सूत तुटलं तिथे तुटलं म्हणावं. ती आपली आहे म्हणून पास करू नये आणि ती घाणीतून बोलते म्हणून नापास करू नये.

तुटलेला तंतू दाखवणारा हा गिरणीचा दुश्मन नसतो. तो दाखवला नाही तर पुढे सगळं कापड फाटतं. जी चळवळ आपल्याच कवींना तपासायला घाबरते, तिचे कवी बाजाराकडून तपासले जातात. आणि बाजाराला एकच काउंट समजतो, किती खपलं. तो काउंट आपला नाही. आपला काउंट असा, की हे ऐकून खात्यातल्या त्या ताईंची मान वर झाली की खाली गेली. लिहिणाऱ्या पोरांनो, गाणाऱ्या पोरांनो, माल घेऊन या. आम्ही ताण देऊन बघणार आहोत, आणि आमच्याही मालाला तुम्ही तसाच ताण द्या.